दहाची गोळी

तुमच्या ओळखीची एक पोरगी रोज पहाटे उठून धावते, एक दिवस चुकवत नाही, आणि तरी तिचा वेळ सुधारायच्या ऐवजी महिन्यामागून महिना बिघडत जातो, तर तुम्ही तिला काय म्हणाल? खरं सांगा. मनातल्या मनात सांगा, कोणी ऐकत नाही. कामचोर म्हणाल, नाहीतर म्हणाल हिचं ध्यान दुसरीकडेच आहे. मी त्याहून वाईट बोलले, आणि तेही चाळीस पोरींसमोर.

पोरीचं नाव जेबा. दिग्रसहून दारव्ह्याकडे निघालं की डाव्या हाताला रेडिएटर दुरुस्तीचं एक पत्र्याचं दुकान लागतं, बाहेर सिमेंटचा हौद. दुकान तिच्या वडिलांचं, जब्बारभाईंचं. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या वजनानं वाकलेल्या असतात, त्यातली एखादी रोज उकळते आणि वाफा सोडत याच दुकानासमोर येऊन थांबते. जेबा बी.ए. झाली, पण हौदावरचं काम तिनं शाळेपासून केलं. रेडिएटरची सगळी तोंडं बंद करायची, एकातून हवा भरायची आणि तो पाण्यात बुडवून बघत बसायचं. जिथून बुडबुडा निघेल तिथं गळती. ड्रायव्हर घाई करायचे, हौदात हात घालून ढवळायचे. ही म्हणायची, "पाणी हलवू नका काका. शांत झाल्याशिवाय ते सांगत नाही."

पोलीस व्हायचं तिच्या डोक्यात याच दुकानात बसलं. एकदा एक महिला शिपाई सरकारी जीप घेऊन आली. खुर्चीवर बसली, कोणाला काही बोलली नाही, आणि दुकानातल्या चार ड्रायव्हरांनी आपोआप विड्या विझवल्या. जेबानं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. जब्बारभाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोन भरत्या देतो. दोनदा मैदान. त्यानंतर तू म्हणशील ते नाही, मी म्हणीन ते, हौदापाशी बस.

पहिली भरती गेली होती. आठशे मीटर धावायला जेबाला तीन मिनिटं सोळा सेकंद लागले. पुरे गुण हवे तर दोन मिनिटं पन्नासच्या आत यावं लागतं, आणि तिथं एकेका गुणावर पोरी कटतात. आता दुसरी आणि शेवटची राहिली होती.

माझ्याकडे ती आली ती त्यानंतर. गावातल्या आम्ही काही बायांनी एक बंद खोली भांडून मिळवली होती, तिची अभ्यासिका केली होती. भरतीची तयारी करणाऱ्या चाळीसेक पोरी तिथं बसायच्या. आणि तिथंच माझी दहाची गोळी सुरू होती. ती काय भानगड ते नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

आमच्याकडच्या पोरींच्या अंगात रक्त कमी, हे मला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती. सरकारच्या लोहाच्या लाल गोळ्या घरोघरी जातात आणि घरामागच्या नालीत पडतात. नालीचं पाणी लाल झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून मी नियम केला. गोळी घरी न्यायची नाही, माझ्यासमोर गिळायची, गिळून तोंड उघडून दाखवायचं. गोळ्या आरोग्य खात्याच्या आशाताई आणून द्यायच्या. पोरी पहाटे साडेपाचला धावायला लागायच्या, सातला घरी जायच्या, धुणंभांडी, स्वयंपाक आटोपून दहाला अभ्यासिकेत यायच्या. म्हणून गोळी दहाला. आणि नुसत्या गोळीसाठी कोण येते? म्हणून सोबत शेजारच्या हिरासिंगच्या टपरीवरचा कट चहा. हिरासिंग म्हणायचा, बेबीताई, माझा चहा आता सरकारी औषध झाला. एका पेपरात आमचा फोटो आला. चाळीस पोरी, एका हातात गोळी, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास, मधोमध मी. तो कापून मी भिंतीवर चिकटवला होता.

जेबा सुरुवातीला सुधारली. सप्टेंबरात तीन मिनिटं चार सेकंद, दिवाळीनंतर दोन अठ्ठावन्न. मला वाटलं, झालं, ही पोरगी निघाली. मग गाडी उलटी फिरली. डिसेंबरात पुन्हा तीनच्या वर. ती जास्त धावायला लागली. गावाबाहेर नवा सिमेंटचा रस्ता झाला आहे, त्यावर ती संध्याकाळीही जायची, पातळ तळव्याच्या कापडी बुटांवर. जितकी जास्त धावे तितकी मागं पडे. जिना चढताना कठड्याला धरायची. आणि भर थंडीत बर्फ चावायची. रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणून कडाकडा चावत बसायची. मी म्हणायची, थंडीत बर्फ खाते अन् दम लागते म्हणते, वा गं वा.

बोटाला टोचून रक्त तपासलं होतं सगळ्यांचं. जेबाचं हिमोग्लोबिन बारा. बारा म्हणजे चांगलं, असं आशाताईही म्हणाल्या. मग माझ्या मनात दुसरं काही येईना.

जानेवारीतल्या एका पहाटे मी स्वतः मैदानावर गेले. शेवटच्या वळणावर जेबा गुडघ्यांवर हात ठेवून थांबली, मग चालत आली. तीन मिनिटं चौदा. तिच्या मागून सुरू केलेल्या पोरी पुढं निघून गेल्या. मी तिथं काही बोलले नाही. दहा वाजेपर्यंत राग धरून ठेवला, आणि गोळ्या वाटताना सोडला.

"तुले धावायचंच नसन तर सांगून दे. दुसऱ्या पोरीची जागा कायले अडवून राह्यली? तुमच्या घरी तर मटन शिजते, तुले रक्ताची काय कमी? गोळी जिभेखाली धरून बाहेर थुकत असशील."

हिरासिंग चहाची किटली घेऊन दारातच उभा राहिला.

जेबा म्हणाली, "गोळी तर तुमच्या डोयासमोर गिळली मी, ताई. चार महिने." एवढंच. चहाचा ग्लास अर्धा होता, तो तिनं तसाच खाली ठेवला, डायरी उचलली आणि गेली.

त्या डायरीची मला तेव्हा किंमत नव्हती. दुकानाची जुनी डायरी होती, गेल्या सालची. तिच्यात ती रोजचं लिहायची. किती वाजता उठली, कुठं धावली, कोणते बूट, किती वेळ लागला, काय खाल्लं, पाळी कधी आली, बर्फ किती वेळा. हौदापाशी बसल्यासारखी ती स्वतःकडे बघत बसली होती, बुडबुडा कुठून निघतो म्हणून.

माझ्याकडून निघाली ती घरी रडत गेली नाही. सरकारी दवाखान्यात गेली. तिथं डॉक्टर सुरभी म्हणून नवीन बाई आल्या होत्या, तिशीच्या आतल्या. त्यांनीच पुढं मला हे सांगितलं. त्यांनी रक्त पाहिलं, पुन्हा बारा निघालं, आणि त्या "ठीक आहे" म्हणणारच होत्या. जेबानं डायरी उलटी करून त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, हवा भरलेली दिसते, पन कुठंतरी गळती हाय." डॉक्टरांनी चार महिन्यांची पानं वाचली. बर्फाशी थांबल्या. मग दुसरी तपासणी लिहिली, फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची. नमुना यवतमाळला गेला. साठा सहा निघाला. तीसच्या वर असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी माझ्यापर्यंत आलं ते एवढंच, की डॉक्टरीणबाईंनी जेबाला दहाची गोळी बंद करायला सांगितली. माझी गोळी. मी तशीच चपला घालून दवाखान्यात गेले, भांडायला.

त्यांनी मला दहा मिनिटं बोलू दिलं. मी नालीतल्या गोळ्यांपासून फोटोपर्यंत सगळं सांगितलं. मग त्यांनी तीनच प्रश्न विचारले. धावणं कधी संपतं? सातला. गोळी कधी? दहाला. कशासोबत? चहासोबत. त्यांना पुढचं सांगायला जड जात होतं, हे मला आता कळतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "दिवसभरात शरीर ज्या वेळी लोह सगळ्यात कमी घेतं, नेमकी तीच वेळ तुम्ही निवडली."

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. बोटाला टोचून दिसतं ते डब्यातलं पीठ. फेरिटिन म्हणजे कोठीतली ज्वारी. डबा भरलेला दिसतो म्हणून आपण निवांत, आणि आत कोठीचा तळ लागलेला असतो. धावणारीचं लोह चार वाटांनी जातं. घामातून थोडं. पाळीतून बरंच. कडक रस्त्यावर पाय आपटून आपटून तळव्यात रक्ताच्या बारीक पेशी फुटतात, त्यातून थोडं. आणि शरीर धावण्याला पुरं पडावं म्हणून नवं रक्त तयार करतं, त्याला लागतं ते वेगळंच. इथवर मला पटत होतं. पुढचं पटेना. जोराचा व्यायाम झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं एक द्रव्य रक्तात सोडतं. व्यायामानंतर तीन ते सहा तास ते चढलेलं असतं, आणि तोवर आतडं लोहाला फार थोडी वाट देतं. असं काहून, मी विचारलं. त्या म्हणाल्या, अंग तापलं, स्नायू दुखावले की शरीराला वाटतं आजार आला. आजारात जंतूंनाही लोह लागतं, म्हणून शरीर दारं लावून घेतं. व्यायाम वाईट नाही, फक्त त्याच्यानंतरचे हे काही तास ओळखायचे. आणि त्यात वरून चहा, तो तर उरलंसुरलं लोहही अडवतो.

मला राग आला. आठवी शिकलेल्या बाईला कोणी शिकवायला लागलं की येतो तसा. मी म्हणाले, मग शेतात दिवसभर राबणाऱ्या बाया? त्यांचं काय? त्या तर रोजच तापतात.

डॉक्टर म्हणाल्या, "त्यांचंही असंच होत असेल. त्यांची डायरी कोणी लिहिली नाही."

तिथून उठले ती सरळ जब्बारभाईंच्या दुकानात. जेबाला विचारायचं होतं, माझ्याविरुद्ध तक्रार केली का म्हणून. खरंच तेच विचारायला गेले होते, कशाला लपवू.

दुकानासमोर एक छोटा हत्ती टेम्पो नुकताच येऊन उभा होता, पुढून वाफ निघत होती. ड्रायव्हर फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला, दुसऱ्या हातात पाण्याची कॅन. जब्बारभाईंनी त्याचा हात धरला, चांगला घट्ट धरला.

"थांब ना बे. गरम गाडी पाणी मागते, पन घेत नाही. आता झाकण खोललं तर तोंडावर फेकन. अन् जबरदस्तीनं थंड ओतलं तर ब्लॉक तडकन. अर्धा घंटा बस, बिडी पी. मंग पाह्य, हेच पाणी कशी घटाघटा पिते."

ड्रायव्हर कुरकुरत बाकड्यावर बसला. मीही त्याच्या शेजारी बसले. जब्बारभाई माझ्याकडे वळून म्हणाले, बेबीताई, तुम्ही कशासाठी आल्या? मी त्या वाफेकडे बघत होते. चार महिने मी चाळीस तापलेल्या गाड्यांची झाकणं उघडून पाणी ओतत होते आणि वर तोंड उघडून दाखवायला लावत होते.

जेबा हौदापाशी पाठमोरी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन हळू म्हणाले की जाऊ दे, झालं ते झालं, मले मालूम नव्हतं.

तिनं वर पाहिलं नाही. "चाळीस जनींसमोर बोलल्या ना तुमी, ताई. मंग इथं कानात कायले सांगता?"

जब्बारभाई ओरडले तिच्यावर, मोठ्या माणसाशी असं बोलते का. मी म्हटलं, राहू द्या. पण आत जळालंच. दोन दिवस मी अभ्यासिकेत गेले नाही. डोकं दुखते म्हणून निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी अमिनाबी, जेबाची आई, माझ्या दारात आली, भांडायला नाही, विचारायला. डॉक्टरांनी पोरीच्या खाण्यात लोह वाढवायला सांगितलं म्हणे, म्हणजे काय करू? बोलता बोलता कळलं, मटन महिन्यातून दोनदा येतं. बोटी बापाच्या आणि पाहुण्याच्या ताटात, पोरीच्या ताटात रस्सा आणि भात. आणि मी काय बोलले होते ते मला आठवलं.

तिसऱ्या दिवशी दहाला मी अभ्यासिकेत उभी राहिले. जेबाला निरोप देऊन बोलावलं होतं, ती मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसली. मी सांगितलं की जेबा गोळी थुकत नव्हती. ती गिळत होती, आणि मी चुकीच्या वेळी देत होते. तिला मी जे बोलले ते खोटं होतं, आणि तिच्या घरच्या ताटाबद्दल बोलायचा मला काही हक्क नव्हता. मग डबा आणि कोठी, तापलेली गाडी, सगळं सांगितलं. शेवटी मागून एका पोरीनं विचारलं, "मंग ताई, चहा बंद का?" आणि खोली हसली. जेबाही हसली. मी भिंतीवरचा फोटो काढायला गेले तर ती म्हणाली, राहू द्या, वेळ तेवढी चुकली, पोरी तर आपल्याच हायत. फोटो अजून तिथंच आहे.

मग नवी पद्धत बसवली. डॉक्टरांनी आधी चाळीसही जणींचा साठा तपासून घेतला. अकरा जणींना गोळी लागणार होती, बाकीच्यांना गरजच नव्हती. त्यांनाही मी चार महिने गिळायला लावली होती. अकरा जणींना एक दिवसाआड, पहाटे, धावण्याच्या आधी, लिंबूपाण्यासोबत, लिंबानं लोह जास्त लागतं म्हणून. जेबानं सुरू केलं आणि दुसऱ्याच खेपेला मैदानाच्या कडेला उलटी झाली. डॉक्टर म्हणाल्या, भाकरीचा तुकडा सोबत खा, लोह थोडं कमी अंगी लागेल पण पोटात तरी राहील. सिमेंटचा रस्ता सुटला, पोरी मैदानाच्या मातीच्या कडेनं धावायला लागल्या. आठवड्यात दोन दिवस सुट्टी. चहा दुपारी चारला गेला. हिरासिंग आठवडाभर तोंड पाडून होता. अमिनाबीनं पहिली बोटी पोरीच्या ताटात वाढायला सुरुवात केली, तेव्हा जब्बारभाई म्हणाले, म्हणजे आता रस्सा माझ्या नशिबी आला.

लगेच काही झालं नाही, हेही सांगते. दीड महिना वेळ तिथंच. मला धीर निघेना, मी रोज विचारायची. जेबा डायरी दाखवायची. त्यात पहिल्यांदा बर्फ बंद झाला. कोणी बंद करायला सांगितला नव्हता, इच्छाच गेली. मग जिना. कठडा न धरता चढली, असं एका पानावर लिहिलं होतं, त्याखाली रेघ ओढली होती. मार्चमध्ये तीन मिनिटं तीन. एप्रिलच्या शेवटी दोन चोपन्न. मे महिन्यात पुन्हा नमुना गेला, साठा एकतीस.

जूनमध्ये यवतमाळच्या मैदानावर तिचं नाव पुकारलं तेव्हा मी आणि जब्बारभाई फाटकाबाहेर उभे होतो. आत सोडत नाहीत. भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू यायची, मग पावलांचा आवाज, मग काही नाही. त्या पावलांत जेबाची कोणती हे कळायला मार्ग नव्हता. जब्बारभाई हाताला तेल नसताना फडक्यानं हात पुसत होते.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या छातीवरचा नंबर घामानं सुटला होता. बापापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "अब्बा, दोन अठ्ठेचाळीस." जब्बारभाईंनी समोरच्या गाडीवर तीन चहा सांगितले आणि मग दचकून माझ्याकडे बघितलं, विचारल्यासारखं.

जेबा म्हणाली, "घेते ना. आज गोळीचा दिवस नाही."

मैदानानंतर लेखी परीक्षा झाली, हे लिहीपर्यंत तिचा निकाल लागलेला नाही. जब्बारभाई आता दोन भरत्यांची गोष्ट काढत नाहीत. ती सकाळी धावते, दुपारी हौदापाशी बसते, पाण्यात बघत.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावाच्या रस्त्यावर उद्या पहाटेही पोरी धावतील. त्यातली एक मागं पडत असेल. तिला काही बोलण्याआधी तिच्यापाशी थांबा, गोळी घेते का, किती वाजता, कशासोबत, एवढं विचारा. आणि तिला सोबत घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टरांना सांगा, बारावर थांबू नका, कोठी उघडून बघा.